बारीक कणांचे टिटॅनियम

जयपूर येथील सवाई मानसिंह रुग्णालयात १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा व शल्यवैद्य डॉ. प्रमोद करण सेठी यांनी जो कृत्रिम पाय सिद्ध केला, तो ‘जयपूर फूट’ या नावाने जगभर गेला. त्याचे पाऊल रबराचे व लाकडाचे. वरची नळी मात्र आरंभी ॲल्युमिनियमच्या पत्र्याची असे व कारागीर ती हातोडीने ठोकून रुग्णाच्या मापाची करीत. पुढे तिची जागा पॉलिएथिलीनच्या नळीने घेतली. ठोकण्याने पत्र्यास आकार येतो, त्याचबरोबर कठीणपणाही येतो. पुण्याच्या तांबट आळीत तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम करतात, तेही केवळ शोभेसाठी नव्हे.

याचे कारण धातूच्या अंतर्रचनेत आहे. धातूचा तुकडा एकजिनसी दिसला तरी तो असंख्य सूक्ष्म स्फटिककणांचा बनलेला असतो. धातू वाकतो तेव्हा कणांतील अणूंचे थर एकमेकांवरून घसरतात. ठोकण्याने या थरांत गुंता होतो व पुढील घसरण अवघड होते. कणाच्या सीमेपाशीही ती अडते, कारण शेजारच्या कणातील थरांची दिशा निराळी असते. कण जितके लहान, तितके असे अडथळे अधिक. हॉल यांनी १९५१ मध्ये व पेच यांनी १९५३ मध्ये हा संबंध नियमबद्ध केला.

देहाबाहेरील अवयव दुबळा वाटल्यास पत्रा जाड घेता येतो. जबड्याच्या हाडात बसवावयाच्या खिळ्यास ती मोकळीक नसते. स्वीडनमधील ब्रोनेमार्क यांस १९५२ साली सशाच्या हाडात बसविलेले टिटॅनियम हाडाशी एकजीव झालेले आढळले. १९६५ मध्ये त्यांनी मनुष्याच्या जबड्यात असे दंतरोपण केले. परंतु शुद्ध टिटॅनियम बेताचेच बळकट. त्यात सहा टक्के ॲल्युमिनियम व चार टक्के व्हॅनेडियम मिसळल्यास बळ वाढते खरे, पण व्हॅनेडियम झिरपल्यास पेशींना बाधक ठरू शकते. मग काहीही न मिसळता बळ कसे वाढवावे?

तोड हातोडीच्याच जातीची निघाली. सोव्हिएत संघातील मिन्स्क येथे सेगल यांनी १९७० नंतरच्या दशकात एक रीत काढली : धातूची कांब कोपरासारख्या वळलेल्या मार्गातून प्रचंड दाबाने रेटावयाची. मार्गाची रुंदी सर्वत्र सारखीच असल्याने कांब बारीक होत नाही व तीच कांब पुनःपुन्हा रेटता येते. उफा येथील वालियेव यांनी हे तंत्र टिटॅनियमवर पुढे नेले. मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाएवढे कण पाच हजाराव्या भागाहूनही लहान झाले. दर चौरस मिलिमीटरला सुमारे ७० किलोग्रॅम भाराने तुटणारा शुद्ध धातू सुमारे १२५ किलोग्रॅमपर्यंत टिकू लागला. ज्यांचा जबडा अरुंद आहे, त्यांच्यासाठी केवळ २.४ मिलिमीटर व्यासाचे खिळे यामुळे बनविता आले.

मात्र असा धातू फार तापविल्यास कण पुन्हा वाढतात व मिळविलेले बळ जाते. म्हणून त्याचे खिळे थंड स्थितीतच कातावे लागतात. शिवाय कण बारीक केल्याने धातूचा ताठपणा जवळजवळ बदलत नाही. टिटॅनियम हाडाच्या सुमारे पाचपट ताठ असल्याने भार तेच उचलते, आणि भोवतालचे हाड काम न मिळाल्याने हळूहळू विरळ होऊ शकते.