भरलं किती, उरलं किती?

'मेडशी' हे नाव संगणकात साठवायला किती जागा लागते? १५ बाइट. यूटीएफ-८ या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. म, त्याची मात्रा, ड, श आणि वेलांटी अशी पाच चिन्हं झाली, पाच त्रिक पंधरा. आता गुगल प्रत्येक खात्याला जी १५ जीबी जागा फुकट देतं, तिच्यात हे नाव शंभर कोटी वेळा लिहून होईल! तरीही अकोला-वाशीम रस्त्यावरच्या, मालेगाव तालुक्यातल्या या गावात 'स्टोरेज फुल्ल'ची सूचना मोबाइलवर झळकतेच.

कारण जागा अक्षरं खात नाहीत. ती खातात फोटो, आणि फोटोंपेक्षा कितीतरी जास्त व्हिडिओ. मोबाइलचा एक फोटो ३ एमबीचा धरला, तर तेवढ्या जागेत 'मेडशी' दोन लाख वेळा बसतं. आयफोनवर फोर-के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमनं काढला, तर ॲपलच्याच आकड्यांप्रमाणे मिनिटाला साधारण १७० एमबी जातात. म्हणजे १५ जीबीत जेमतेम ८८ मिनिटं. डीजेच्या तालावर नाचत-थांबत निघालेला नवरदेव मारुतीच्या देवळातून मांडवात पोचायच्या आत जागा खल्लास!

म्हणून क्लाउडवर काही ठेवणाऱ्या प्रत्येकाला एक चित्र लागतं: कशानं किती जागा घेतली, आणि काय काढलं तर ती मोकळी होईल. वेबसाइटच्या डॅशबोर्डवरची ती रंगीत पट्टी. दिसायला एवढीशी, पण तिच्या पोटात भरपूर गमतीजमती आहेत.

वाढता वाढता वाढे

जीमेल आलं १ एप्रिल २००४ ला. १ जीबी जागा फुकट, हे ऐकून अनेकांना ते चक्क एप्रिल फूल वाटलं. हॉटमेल तेव्हा २ एमबी देत होतं आणि याहू ४ एमबी. बरोबर वर्षानं गुगलनं जागा दुप्पट करायला घेतली आणि पानावर एक आकडा ठेवला, जो डोळ्यांदेखत पुढे सरकत राहायचा. साठवणुकीचा आकडा बघून मन हरखावं असा तो काळ होता.

पुढे चित्र पालटलं. २०१३ पासून मेल, ड्राइव्ह आणि फोटो अशी सगळ्यांना मिळून एकच १५ जीबीची जागा झाली. १ जून २०२१ पासून गुगल फोटोजमधली अमर्याद फुकट साठवणही थांबली. असं का केलं, याचं उत्तर कंपनीनं नोव्हेंबर २०२० मध्ये दिलेल्या आकड्यांत आहे: ४ लाख कोटींहून जास्त फोटो साठलेले, आणि दर आठवड्याला २,८०० कोटी नव्या फोटो-व्हिडिओंची भर. व्हॉट्सॲपचा अँड्रॉइडवरचा बॅकअपही २०२४ पासून याच १५ जीबीत मोजला जाऊ लागला. पट्टी अचानक लाल का झाली, असा प्रश्न ज्यांना पडला होता, त्यांतल्या बऱ्याच जणांचं उत्तर इथं आहे.

१४ जण आणि ८० एमबी

मला या विषयातली सगळ्यात आवडती गोष्ट ही. साल १९९०, अमेरिकेतलं मेरीलँड विद्यापीठ. बेन श्नायडरमन यांच्या प्रयोगशाळेत ८० एमबीची एक हार्ड डिस्क होती आणि ती १४ जणांत वापरली जायची. डिस्क भरली. पण कुणी भरली? फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, यादी वाचून काही पत्ता लागेना. श्नायडरमन यांनी मग सगळी डिस्क एक आयत म्हणून काढली आणि शेताच्या वाटण्या पाडाव्यात तसे त्याचे तुकडे पाडले. ज्याचं फोल्डर मोठं, त्याचा तुकडा मोठा. त्या तुकड्याच्या आत पुन्हा आडवे-उभे तुकडे. यालाच आज 'ट्रीमॅप' म्हणतात. पुढे तो शेअर बाजाराच्या नकाशांपासून अंदाजपत्रकाच्या चित्रांपर्यंत सगळीकडे पोचला, पण त्याचा जन्म भरलेल्या डिस्कमुळे झाला आहे!

सुरुवातीच्या ट्रीमॅपमध्ये एक खोट होती. तुकडे पट्ट्यांसारखे लांबट आणि बारीक व्हायचे, एकमेकांशी ताडून बघता यायचे नाहीत. २००० साली नेदरलँड्समधल्या तिघा संशोधकांनी ते शक्य तितके चौरसाकृती ठेवायची युक्ती काढली. डिस्क तपासायचा विनडरस्टॅटसारखा प्रोग्रॅम चालवून पाहिलात, तर ही रंगीबेरंगी चौकटींची गोधडीच समोर येते.

आता समजा, गावातल्या एखाद्या फोटो स्टुडिओची वेबसाइट आहे आणि तिचा सगळा माल क्लाउडवर १०० जीबीत मावलाय. त्यात लग्नांचे व्हिडिओ ७० जीबी, मूळ फोटो २० जीबी, वेबसाइटसाठी बनलेल्या लहान प्रती ७ जीबी आणि उरलेलं ३ जीबी. यादीत हे चार आकडे सारख्याच अक्षरात दिसतात. ट्रीमॅपवर व्हिडिओची चौकट पडदा व्यापून टाकते आणि तिच्या आत एकच व्हिडिओ इतर दहांएवढा मोठा दिसतो. बोट नेमकं तिथंच जातं. फोटो एकेक करून पुसत बसायची पाळी येत नाही. डॅशबोर्ड बनवणाऱ्यानं एवढी एक गोष्ट साधली, तरी अर्धं काम झालं असं मी मानतो.

वडापावसारखा गोल की सरळ पट्टी?

उभ्या-आडव्या स्तंभांची आकृती विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थांनी १७८६ मध्ये छापली आणि गोल पाय चार्ट १८०१ मध्ये. दोन्ही एकाच डोक्यातून निघाले. पण आपल्या डोळ्यांना दोन्ही सारखे वाचता येत नाहीत. विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच रेषेवरून मोजलेली लांबी माणूस चांगली ओळखतो, कोन आणि क्षेत्रफळ ओळखताना जास्त चुकतो. जागा दाखवायला सरळ पट्टी इतकी का चालते, ते यावरून कळावं. गोल आकृती देखणी असते, पण २२ टक्के मोठे की २५ टक्के, हे तिच्यावरून सांगताना भलेभले गोंधळतात.

मग ट्रीमॅप तर क्षेत्रफळावरच चालतो, त्याचं काय? तिथं बारीक फरक ओळखायचा नसतो. हजारो फायलींच्या गर्दीतून राक्षस हुडकायचा असतो. पट्टी वर आणि ट्रीमॅप खाली, ही जोडी छान जमते.

पट्टीचाही वेगळा टॅग

वेबपान लिहिण्याच्या एचटीएमएल भाषेत दोन वेगवेगळे टॅग आहेत. 'प्रोग्रेस' म्हणजे काम किती झालं आणि 'मीटर' म्हणजे मोजमाप किती भरलं. डिस्कची भरलेली जागा दाखवायला 'मीटर' वापरायचा, हे त्या भाषेच्या नियमावलीत उदाहरण म्हणून दिलेलं आहे. त्याला कमी, जास्त आणि उत्तम अशा मर्यादा सांगितल्या, की ब्राउझर आपणहून हिरवा, पिवळा किंवा लाल रंग भरतो. फक्त रंगावर विसंबू नये. रंगांधळेपणाचा सगळ्यात आढळणारा प्रकार नेमका लाल-हिरव्याचाच आहे, आणि तो पुरुषांत जास्त दिसतो. शेजारी '९२ टक्के भरलं' एवढं लिहिलं की प्रश्न मिटला.

मराठी डॅशबोर्डसाठी तर एक खुशखबर आहे. ब्राउझरला भाषा 'मराठी, भारत' सांगितली, तर त्याची आकडे मांडायची सोय १२,३४,५६७ असं देवनागरीत, लाखाच्या जागी स्वल्पविराम देऊन छापते. वेगळा प्रोग्रॅम लिहावा लागत नाही. आपली भाषा तिथं आधीच पोचलेली आहे, ती वापरायचं मात्र आपण मनावर घ्यायला हवं.

सुप्रभात!

सकाळी सहाला सूर्य, गुलाबाचं फूल आणि एखादा सुविचार. संक्रांतीला तीळगूळ, दिवाळीला पणत्या. जानेवारी २०१८ मध्ये 'वॉल स्ट्रीट जर्नल'नं बातमी दिली की भारतीयांचे मोबाइल का अडकतात याचा शोध घेताना गुगलच्या संशोधकांना ही 'गुड मॉर्निंग' चित्रं सापडली. त्याच बातमीत वेस्टर्न डिजिटल कंपनीची पाहणीही होती: भारतात तीनपैकी एका स्मार्टफोनची जागा रोज संपते, अमेरिकेत दहापैकी एकाची. गुगलनं डिसेंबर २०१७ मध्ये आणलेल्या फाइल्स गो ॲपला अशी चित्रं ओळखून एका झटक्यात पुसायला शिकवलं गेलं.

"मोबाइल फुल्ल झाला ना बाप्पा, आता काय काय डिलीट करू?" या प्रश्नावर व्हॉट्सॲपनंही नोव्हेंबर २०२० मध्ये उत्तर दिलं. स्टोरेजच्या पानावर वर एक पट्टी, आणि खाली दोनच गठ्ठे आधी: ५ एमबीहून मोठ्या फायली आणि पुन्हा पुन्हा फॉरवर्ड झालेल्या. मला ही मांडणी फार आवडते. फाइलचा प्रकार विचारत बसण्याऐवजी ती थेट 'हे काढता येईल' असं सांगते. याउलट 'इतर' नावाचा करडा तुकडा. त्यात काय आहे ते कळत नाही आणि काढताही येत नाही. ॲपलनं २०२१ मध्ये आयफोनवर त्याचं नाव बदलून 'सिस्टीम डेटा' केलं, तुकडा राहिला तसाच.

सोयाबीनचा फोटो जातो कुठं?

मेडशीच्या शिवारातला शेतकरीही आता क्लाउडवर फोटो चढवतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत स्वतः शेतात उभं राहून सोयाबीनचा, तुरीचा फोटो काढायचा, त्याच्याबरोबर अक्षांश-रेखांश नोंदले जातात. रोजगार हमीच्या कामावर १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा मजुरांच्या हजेरीचे असेच फोटो सक्तीचे झाले. डिजिलॉकर तर प्रत्येकाला १ जीबी जागा देतं. सरकारी क्लाउडला केंद्रानं नाव दिलंय 'मेघराज'! आणि सार्वजनिक क्लाउडचं धोरण आणणारं देशातलं पहिलं राज्य कोणतं? महाराष्ट्र, जानेवारी २०१८.

हा 'ढग' जमिनीवरच असतो, आणि बराचसा आपल्याच राज्यात. राष्ट्रीय माहिती विज्ञान केंद्राचं एक डेटा सेंटर पुण्यात आहे. मायक्रोसॉफ्टनं २०१५ मध्ये भारतात क्लाउड आणलं तेव्हा 'सेंट्रल इंडिया' हे नाव पुण्यातल्या केंद्राला दिलं. ॲमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ चं. तिथल्या एस-थ्री साठवणुकीबद्दल कंपनीचा हिशेब असा, की एक कोटी फायली ठेवल्या तर सरासरी दहा हजार वर्षांत एखादी हरवेल.

एक फोटो, आठ फायली

वर्डप्रेसच्या वेबसाइटवर चार हजार पिक्सेल रुंदीचा एक फोटो चढवा. मूळ फोटो राहतो, २,५६० पिक्सेलची एक प्रत बनते, आणि मग २,०४८, १,५३६, १,०२४, ७६८, ३०० आणि १५० च्या. झाल्या आठ. थीमला आणखी माप हवं असेल तर नववी. शंभर फोटो चढवले तर आठशे फायली, हे डॅशबोर्डवर वेगळ्या रंगात दिसलं नाही तर मालकाला हिशेब कधीच लागत नाही.

१ टीबीची डिस्क घेतली आणि विंडोजनं ९३१ जीबी दाखवली, ही तक्रारही जुनीच. विकणारा १,००० नं गुणतो, विंडोज १,०२४ नं भागतं. जागा कुठंही गेलेली नसते. यासाठी १९९८ मध्ये किबी, मेबी, गिबी अशी वेगळी नावं ठरली, पण ती लोकांच्या तोंडी बसली नाहीत. डॅशबोर्डनं आपण कोणत्या मापानं मोजतो ते एका ओळीत लिहावं.

पुसलं, तरी पट्टी हलेना

हे सगळ्यात जास्त विचारलं जातं. पहिलं कारण कचरापेटी. ड्राइव्हमधली पुसलेली फाइल ३० दिवस तिथं राहते आणि जागेत मोजली जाते. गुगल फोटोजच्या क्लाउडवर ठेवलेले फोटो ६० दिवस. पेटी रिकामी करा, मगच पट्टी मागं सरते.

दुसरं कारण मोजणीची वेळ. ॲमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये एकूण भरलेल्या जागेचा आकडा दिवसातून एकदाच निघतो. सकाळी २० जीबी पुसले तरी दुपारी जुनाच आकडा दिसू शकतो. पट्टीखाली 'शेवटची मोजणी कधी' एवढं छापलं तर कितीतरी फोन वाचतील.

तिसरं कारण खेड्यात फार खरं आहे. मोठा व्हिडिओ एस-थ्रीवर तुकड्या-तुकड्यांनी चढतो. निम्म्यावर लाइट गेली किंवा नेट तुटलं आणि काम पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, तर आधीचे तुकडे तिथंच पडून राहतात. फायलींच्या साध्या यादीत ते दिसत नाहीत, भाडं मात्र चालू राहतं. उपाय सोपा आहे: अर्धवट अपलोड सात दिवसांनी आपोआप पुसावेत असा नियम एकदाच लावून ठेवायचा, आणि डॅशबोर्डच्या पट्टीवर 'अर्धवट अपलोड' हा तुकडा वेगळा दाखवायचा. जुन्या आवृत्त्या जपायची सोय चालू असेल, तर त्यांचाही. स्टुडिओवाल्यानं महिन्याचं बिल भरण्याआधी हे दोन तुकडे पाहून घ्यावेत.