अंगावरील उपकरणे व त्वग्विकार : रासायनिक चाचणीचे मर्म

सांप्रत नाडीचे ठोके व पावले मोजणारे पट्टे अहोरात्र मनगटावर असतात; अनेक मधुमेही रुग्ण रक्तशर्करेचा संवेदक सलग चौदा दिवस दंडावर चिकटवितात. अशा जागी कंडू, आरक्तता वा स्राव आढळल्यास आहारविहाराबरोबरच त्या वस्तूचाही हेतू म्हणून विचार करणे अगत्याचे आहे.

अमेरिकेत २०१४ साली ‘फिटबिट फोर्स’ हा पट्टा परत मागविण्यात आला. त्वचादाहाच्या सुमारे ९,९०० व फोड आल्याच्या सुमारे २५० तक्रारी आल्या होत्या. पोलादातील निकेल, पट्ट्यातील द्रव्ये अथवा जोडणीतील चिकट द्रव्य यांची ॲलर्जी, अशी संभाव्य कारणे उत्पादकाने सांगितली.

चाचणी कशी होते?

धातूत निकेल किती आहे, यापेक्षा घामात किती उतरते हे महत्त्वाचे. चांगल्या स्टेनलेस स्टीलमध्ये सुमारे १० टक्के निकेल असूनही ते फारच अल्प सुटते; मुलामा झिजलेल्या हलक्या धातूतून मात्र पुष्कळ सुटू शकते. म्हणून वस्तू मीठ, लॅक्टिक आम्ल व युरिया यांच्या कृत्रिम घामात ३० अंश सेल्सिअसला एक आठवडा ठेवून द्रवातील निकेल मोजतात. मुलामा असल्यास आधी त्याची कृत्रिम झीज करतात. युरोपीय संघाची मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला आठवड्यास ०.५ मायक्रोग्रॅम आहे.

तथापि ही चाचणी केवळ निकेलची आहे. २०१७ साली युरोपातील त्वचारोगतज्ज्ञांनी ‘फ्रीस्टाइल लिब्रे’ संवेदकामुळे होणाऱ्या ॲलर्जीचे कारण आयसोबॉर्निल ॲक्रिलेट असल्याचे दाखविले. म्हणजे निकेलच्या कसोटीस उतरलेली वस्तूही सर्वांस निरुपद्रवी ठरेलच असे नाही.

व्यवहारात काय करावे?

१. विकाराचा आकार पाहावा. बकलाखालीच चट्टा असल्यास धातूचा संशय घ्यावा. पट्ट्याखाली साचलेल्या घामा-साबणाचा दाह जागा कोरडी ठेवल्यास बहुधा लवकर शमतो; ॲलर्जीचा विकार पुन्हा संपर्क येताच एक-दोन दिवसांत उलटतो व कडेबाहेरही पसरतो. खात्रीसाठी त्वचारोगतज्ज्ञांकडून पॅच टेस्ट करून घ्यावी.

२. डायमिथिलग्लायॉक्झाइमच्या द्रावणाने भिजविलेला बोळा धातूवर घासल्यास गुलाबी रंग निकेल सुटत असल्याचे दर्शवितो. रंग न आल्याने मात्र निकेल सर्वथा वगळता येत नाही.

३. औषधविक्रेत्यांनी असे पट्टे दुकानात ठेवण्यापूर्वी पुरवठादाराकडे निकेल-उत्सर्जनाचा अहवाल मागावा. ‘स्किन-फ्रेंडली’ ही छापील अक्षरे म्हणजे अहवाल नव्हे.

४. संवेदक काढावा लागल्यास रक्तशर्करेची तपासणी थांबू देऊ नये. बोटातील रक्तावर ती चालू ठेवावी आणि मधुमेहाचे उपचार करणाऱ्या डॉक्टरांस त्वरित कळवावे. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णात येथील हयगय त्वग्विकारापेक्षा घातक ठरते.

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र होय. हेतू मनगटावर तसाच बांधलेला असता उत्तमोत्तम लेपही निष्फळ ठरेल, हे वैद्यबंधूंनी ध्यानी घ्यावे.