‘फेमस’ म्हणजे काय?

उल्हासनगरच्या बाजारात, अंबरनाथ-बदलापूरला स्टेशनबाहेर, वडापावपासून मिठाईपर्यंत सारे काही ‘फेमस’ असते. आपली मुलेही हा शब्द सर्रास वापरतात. पण त्याचा मूळ अर्थ किती घरांत सांगितला जातो?

हा शब्द लॅटिन भाषेतील ‘फामा’वरून, फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘फामा’ म्हणजे बोलबाला, बातमी, अफवासुद्धा! ज्याच्याविषयी लोक बोलतात तो फेमस. ‘इन्फेमस’ म्हणजे मात्र ‘फेमस नसलेला’ नव्हे, तर बदनाम, कुप्रसिद्ध. विद्यार्थ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावे.

‘बोलणे’ या अर्थाच्या त्याच लॅटिन धातूपासून ‘इन्फंट’ शब्द झाला. इन्फंट म्हणजे ज्याला अजून बोलता येत नाही असे तान्हे मूल. एका टोकाला ज्याच्याविषयी जग बोलते तो, दुसऱ्या टोकाला ज्याला वाचाच नाही तो. आपल्या समाजाला शतकानुशतके या दुसऱ्या टोकाला ठेवले गेले. म्हणूनच ३१ जानेवारी १९२० रोजी सुरू केलेल्या पाक्षिकाला बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ हे नाव दिले. आज जग त्यांच्याविषयी बोलते, ते त्यांनी मुक्यांना वाचा दिली म्हणून.

अंबरनाथचे शिवमंदिर पाहा. १०६० सालच्या शिलालेखामुळे शिलाहार राजाचे नाव इतिहासात राहिले. दगड फोडणाऱ्या, वाहणाऱ्या, घडवणाऱ्या हातांची नावे मात्र कोणाच्या तोंडी नाहीत. म्हणून त्यांचे काम कमी मोलाचे होते काय?

तथागतांनी आठ लोकधर्म सांगितले आहेत : लाभ-अलाभ, यश-अपयश, निंदा-प्रशंसा आणि सुख-दुःख. पालीतील ‘यस’ म्हणजे कीर्ती. ती येते तशी जाते. शहाण्याचे मन तिच्यामुळे फुगत नाही आणि खचतही नाही. मुलगा म्हणाला, “मला फेमस व्हायचंय,” तर त्याच्यावर रागावू नका. “लोकांनी तुझ्याविषयी काय बोलावं असं तुला वाटतं?” एवढेच विचारा.

पहाटेच्या लोकलने कामाला जाणारी आई, कारखान्यात जन्म घालवलेले आजोबा यांच्याविषयी पेपरात छापून येत नाही. पण फेमस म्हणजे ज्याच्याविषयी बोलले जाते तो, हे आता आपल्याला कळले आहे. मग आज रात्री जेवताना मुलांना त्यांच्या आजी-आजोबांचे नाव, गाव आणि काम सांगा. आपल्या माणसांविषयी आपणच बोललो नाही, तर कोण बोलणार?