फॅन्सी गोल्डफिशचे पालन

फॅन्सी गोल्डफिश हे सोनमाशाचे (शास्त्रीय नाव: कॅरॅसियस ऑराटस) निवडक पैदाशीतून निर्माण झालेले शोभिवंत प्रकार आहेत. आखूड, गोलसर शरीर आणि दुहेरी शेपटी ही त्यांपैकी बहुतेकांची ठळक लक्षणे होत. योग्य निगा राखल्यास हे मासे साधारणतः १० ते १५ वर्षे जगतात. मात्र नवशिक्या पालकांच्या घरी ते अनेकदा काही आठवड्यांतच दगावतात. लहान भांडे, अपरिपक्व पाणी आणि अतिआहार ही त्याची प्रमुख कारणे आहेत.

इतिहास

सोनमाशाचा उगम चीनमध्ये झाला. करड्या-हिरवट रंगाच्या रानटी कार्प माशांत अधूनमधून लाल-पिवळ्या रंगाची पिल्ले निपजत. सोंग राजवटीत (९६०–१२७९) अशा माशांची तळ्यांमध्ये निगुतीने पैदास होऊ लागली. मिंग राजवटीत (१३६८–१६४४) ते घरात मातीच्या व चिनी मातीच्या भांड्यांत पाळले जाऊ लागले. भांड्यात शत्रू नसल्याने पोहण्यात मंद असलेली, वेगळ्या आकाराची पिल्लेही तगली व त्यांची जोपासना झाली. पुढे हा मासा जपानमध्ये आणि सतराव्या शतकात युरोपात पोहोचला.

प्रकार

कॉमन, कॉमेट व शुबंकिन हे लांबट अंगाचे, इकेरी शेपटीचे व चपळ प्रकार आहेत. त्यांची गणना सामान्यतः फॅन्सी प्रकारांत होत नाही. फॅन्सी प्रकारांपैकी काही प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत:

• फँटेल: पंख्यासारखी दुहेरी शेपटी, तुलनेने काटक असल्याने नवशिक्यांसाठी योग्य.
• रयुकिन: डोक्यामागे उंच उभार.
• ओरांडा: डोक्यावर मांसल वाढ, पाठीवर पर असतो.
• रांचू: जपानमध्ये विकसित झालेला प्रकार, पाठीवर पर नसतो.
• ब्लॅक मूर: काळा रंग व बाहेर आलेले डोळे; दृष्टी अधू.
• बबल आय: डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या नाजूक पिशव्या, अनुभवी पालकांसाठीच योग्य.

चपळ प्रकार अन्न आधी फस्त करतात. त्यामुळे मंद किंवा अधू दृष्टीचे फॅन्सी मासे त्यांच्यासोबत ठेवल्यास उपाशी राहण्याचा संभव असतो.

टाकी

फॅन्सी गोल्डफिश पूर्ण वाढल्यावर १५ ते २० सेंमी लांब होऊ शकतो. विक्रीच्या वेळी तो बोटाएवढा असल्याने त्याला लागणाऱ्या जागेचा अंदाज चुकतो. ६० सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ४० सेंमी उंच टाकी काठोकाठ भरली, तरी तिच्यात ७२ लिटर पाणी मावते. ती एका माशासाठी पुरते. दोन माशांसाठी १०० लिटरहून अधिक पाणी असावे. एवढ्या पाण्याचेच वजन १०० किलोग्रॅम भरत असल्याने टाकीखालचे टेबल भक्कम असणे आवश्यक ठरते.

काचेचे गोल भांडे या माशांसाठी अयोग्य आहे. त्यात पाणी कमी मावते, फिल्टरला जागा नसते आणि तोंड निमुळते असल्यास हवेशी संपर्क येणारा पृष्ठभागही कमी असतो. इटलीतील रोम शहराने २००५ साली गोल भांड्यांत सोनमासे ठेवण्यास बंदी घातली.

टाकीत अणकुचीदार दगड किंवा शोभेच्या वस्तू ठेवू नयेत. बाहेर आलेल्या डोळ्यांना त्यांनी इजा होते. फिल्टर पुरेशा क्षमतेचा, पण प्रवाह सौम्य ठेवणारा असावा.

नायट्रोजन चक्र

मासे मुख्यत्वे कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतात. विष्ठा व उरलेले अन्न कुजूनही अमोनिया तयार होतो. तो अत्यंत विषारी असून पाणी स्वच्छ, पारदर्शक दिसत असतानाही घातक पातळीला पोहोचू शकतो. फिल्टरमधील व खडीवरील उपयुक्त जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटही विषारी असते. ते रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटवते. नायट्रेट तुलनेने कमी घातक असते व पाणी बदलून ते मर्यादेत ठेवता येते.

नव्या टाकीत हे जिवाणू पुरेसे वाढण्यास सहसा चार ते सहा आठवडे लागतात. या काळात मासे न सोडता फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकले जाते. ते कुजून निर्माण होणाऱ्या अमोनियावर जिवाणू वाढतात. खाद्य टाकणे चालू असूनही चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट आढळू लागले, की टाकी तयार झाली असे मानतात.

पाण्याची निगा

दर आठवड्याला सुमारे २५ ते ३० टक्के पाणी बदलावे. सर्व पाणी काढून टाकी, खडी व फिल्टर नळाखाली घासून धुण्याची पद्धत प्रचलित आहे, पण तिच्यामुळे जिवाणूंची वसाहत नष्ट होते व अमोनिया पुन्हा साठू लागतो. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलकेच पिळून घ्यावा. नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशांना व जिवाणूंना मारक असते. ते घालवण्यासाठी सोडियम थायोसल्फेट असलेले क्लोरीनरोधक वापरतात.

फॅन्सी प्रकारांना साधारणपणे १८ ते २४ अंश सेल्सियस तापमान मानवते. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: २० अंशांना एका लिटरमध्ये सुमारे ९.१ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे ७.५ मिलिग्रॅम. शिवाय उष्ण पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. म्हणून महाराष्ट्रातील उन्हाळ्यात मासे कमी ठेवणे, हवेचा पंप चालू ठेवणे आणि टाकीवर थेट ऊन येऊ न देणे महत्त्वाचे असते.

आहार

सोनमाशाला जठर नसते. अन्न थेट आतड्यात जाते. त्यामुळे दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे. पालक जवळ येताच मासे काचेपाशी जमतात, पण ते नेहमी भुकेचे लक्षण नसते. तळाशी बुडणारे दाणे, तसेच साल काढलेले उकडलेले मटार उपयुक्त ठरतात.

आजार

आखूड शरीरात अवयव दाटीने बसलेले असल्याने वाताशयाचे विकार या प्रकारांत विशेष आढळतात. मासा उलटा तरंगतो किंवा तळाशी पडून राहतो. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एका परजीवीमुळे होतो, तर पर कुजणे हा बहुधा जिवाणूजन्य विकार असतो. मासा पृष्ठभागावर येऊन हवा घेऊ लागल्यास किंवा मलूल दिसल्यास औषधापूर्वी पाण्याची चाचणी करावी, कारण अनेक आजारांच्या मुळाशी बिघडलेले पाणी असते. नवा मासा दोन ते चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवल्यास रोगप्रसार टळण्यास मदत होते.

पर्यावरणीय परिणाम

नको असलेले सोनमासे तलावात, विहिरीत किंवा नदीत सोडू नयेत. ते तळ उकरून पाणी गढूळ करतात, पाणवनस्पती व इतर जलचरांची अंडी खातात आणि रोगही पसरवू शकतात. ऑस्ट्रेलिया व उत्तर अमेरिकेतील काही जलाशयांत अशा सोडलेल्या सोनमाशांची संख्या उपद्रवकारक ठरली आहे. सांभाळणे शक्य नसल्यास ते अन्य पालकाला किंवा विक्रेत्याला परत देणे हा योग्य पर्याय होय.