जुना संगणक ‘सपोर्टेड’ कधीपर्यंत असतो? डेबियन आणि आय-३८६ ची गोष्ट

पीएचडीच्या तयारीला लागलेल्या मंडळींकडून एक प्रश्न बरेचदा येतो: “लॅबमध्ये एक जुनी मशीन पडून आहे, त्यावर लिनक्स टाकू का? लिनक्स तर कशावरही चालतं ना?”

‘हो, टाक’ म्हणून मोकळं होता येतं, पण ते अर्धंच उत्तर आहे. ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियनची १३वी आवृत्ती ‘ट्रिक्सी’ आली. जुन्या ३२-बिट इंटेल संगणकांसाठी (डेबियनच्या भाषेत आय-३८६) तिच्यात ना कर्नल आहे, ना इन्स्टॉलर. फक्त ३२-बिट चालणारी मशीन असेल तर ट्रिक्सीवर अपग्रेड करू नका, असं रिलीज नोट्समध्येच लिहिलंय. जुन्या हार्डवेअरला सांभाळून घेण्यासाठी नावाजलेल्या डेबियनने हे का केलं असेल? ‘आता कोण वापरतं ३२-बिट’ हे उत्तर सोपं आहे, पण पुरेसं नाही. खरं उत्तर समजून घेतलं तर ‘सपोर्ट’ या शब्दाचा नेमका अर्थ कळतो. आपलं संशोधन चार-पाच वर्षं याच सपोर्टच्या भरवशावर चालणार असतं, म्हणून हा लेख.

पॅकेज मेंटेनर नेमकं काय करतो?

डिस्ट्रिब्युशनमधले बहुतेक प्रोग्रॅम डिस्ट्रिब्युशनवाल्यांनी लिहिलेले नसतात. मूळ लेखक वेगळे, त्यांना ‘अपस्ट्रीम’ म्हणतात. डेबियनचा मेंटेनर त्यांचा सोर्स कोड घेतो आणि त्यात ‘डेबियन’ नावाचं एक फोल्डर घालतो. या पॅकेजला आणखी कोणती पॅकेजेस लागतात, ते कसं बिल्ड करायचं, या खेपेला काय बदललं आणि मूळ कोडवर कोणते पॅच लावायचे, हे सगळं त्या फोल्डरमध्ये असतं. मग तो हे ‘अनस्टेबल’ या विभागात अपलोड करतो.

इथपर्यंत काम एकदाच करायचं असतं. पुढे ते अनेक पटींनी वाढतं. सोर्स एकच असला तरी प्रत्येक प्रकारच्या प्रोसेसरसाठी बायनरी वेगळी लागते. ट्रिक्सीमध्ये अधिकृत आर्किटेक्चर्स ७ आहेत आणि पॅकेजेस सुमारे ७० हजार. प्रत्येक आर्किटेक्चरसाठी डेबियनच्या बिल्ड मशीन्स असतात. नवीन सोर्स आला की त्या आपापली बायनरी बनवायला घेतात.

आता महत्त्वाचा नियम बघा. अनस्टेबलमधून ‘टेस्टिंग’मध्ये जायला पॅकेजला साधारण ५ दिवस थांबावं लागतं. त्या काळात नवीन गंभीर बग सापडता कामा नये. आणि आधी ज्या-ज्या अधिकृत आर्किटेक्चरवर ते बनत होतं, त्या प्रत्येकावर नवीन आवृत्तीही बनली पाहिजे. एकावर जरी बिल्ड फसलं, तरी पॅकेज सगळ्यांसाठी अडकतं. पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कुणी घास उचलत नाही ना, तसंच.

म्हणजे जुन्या आर्किटेक्चरची किंमत फक्त ते वापरणारे मोजत नाहीत. ज्याने ती मशीन कधी पाहिलेलीही नाही, त्या मेंटेनरचाही वेळ त्यात जातो. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. सपोर्ट हा हार्डवेअरचा गुण नसतो. तो कुणीतरी रोज करत असलेलं काम असतो.

एकच कोड, उत्तरं मात्र वेगळी

आय-३८६ वर फसतं तरी काय? विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम समजून घ्यावं असं उदाहरण म्हणजे दशांश चिन्हाचे आकडे, अर्थात फ्लोटिंग पॉइंट.

जुन्या इंटेल प्रोसेसरमध्ये हे गणित एक्स-८७ नावाचं युनिट करतं. त्याचे रजिस्टर ८० बिटांचे असतात. आपण प्रोग्रॅममध्ये ‘डबल’ लिहितो ते मात्र ६४ बिटांचं. मधलं उत्तर रजिस्टरमध्येच राहिलं तर त्याची अचूकता जास्त असते, मेमरीत उतरवलं की ते ६४ बिटांत कापलं जातं. कोणता आकडा रजिस्टरमध्ये ठेवायचा आणि कोणता मेमरीत, हे कंपायलर ठरवतो. त्यामुळे ऑप्टिमायझेशनचा पर्याय बदलला तरी शेवटचे काही अंक बदलू शकतात. एकाच सूत्राने काढलेल्या दोन संख्या ‘समान आहेत का’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येऊ शकतं. जीसीसी कंपायलरच्या बगांच्या यादीत ३२३ क्रमांकाचा बग याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. पेंटियम ४ पासून एसएसई२ नावाच्या सूचना आल्या आणि ६४-बिट प्रोसेसरवर हे गणित त्यांनीच होतं. म्हणून हा घोळ तिथे सहसा दिसत नाही.

आता मेंटेनरच्या जागी बसून विचार करा. गणिती लायब्ररीची नवी आवृत्ती आली. ६४-बिटवर सगळ्या टेस्ट पास, आय-३८६ वर दोन फेल, तेही बाराव्या अंकात. अपस्ट्रीमला विचारलं तर उत्तर येतं, “आम्ही ३२-बिटवर तपासत नाही.” हातात उरतात चार पर्याय:

१. स्वतः खोलात जाऊन पॅच लिहायचा.
२. टेस्टमधली सहनशीलता थोडी वाढवायची.
३. त्या आर्किटेक्चरवर ती टेस्ट वगळायची.
४. त्या आर्किटेक्चरवरून पॅकेजच काढून टाकायला सांगायचं. पण मग त्यावर अवलंबून असलेली पॅकेजेसही काढावी लागतात.

पहिला पर्याय सगळ्यात प्रामाणिक आणि सगळ्यात महाग. तिसरा स्वस्त, पण ‘टेस्ट पास’ या शब्दांचा अर्थच पातळ करणारा. हा निर्णय बहुतेक वेळा एखादा स्वयंसेवक, रात्री, नोकरी सांभाळून घेत असतो.

दोन भिंती: ४ जीबी आणि २०३८

दुसरी अडचण मेमरीची. ३२ बिटांत एका प्रोग्रॅमला फार तर ४ जीबी पत्ते मिळतात. ब्राउझरसारख्या अवाढव्य प्रोग्रॅमचे तुकडे शेवटी एकत्र जोडताना, म्हणजे लिंकिंगच्या वेळी, एवढी जागा पुरेनाशी होते. मशीनमध्ये ६४ जीबी रॅम असली तरी ३२-बिट लिंकरला ती वापरता येत नाही.

तिसरी अडचण वेळेची. युनिक्स परंपरेत वेळ म्हणजे १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद. चिन्हासहित ३२ बिटांत मावणारी सगळ्यात मोठी संख्या २,१४,७४,८३,६४७. हे सेकंद १९ जानेवारी २०३८ ला, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी संपतात. त्याच्या पुढच्या सेकंदाला जुना प्रोग्रॅम थेट १९०१ सालात जाऊन पडतो.

ट्रिक्सीच्या तयारीत डेबियनने ३२-बिट आर्म आर्किटेक्चर्सवर वेळेची जागा ६४ बिटांची केली. हजारो पॅकेजेसना हात लावणारं काम होतं ते. पण आय-३८६ ला मुद्दाम वगळलं. कारण तिथे आता मुख्य उपयोग उरलाय तो आधीच कंपाइल झालेले जुने प्रोग्रॅम चालवण्याचा: जुने गेम, वाइनमधून चालणारी विंडोजची सॉफ्टवेअर्स वगैरे. वेळेचा आकार बदलला तर जुन्या बायनरी आणि नव्या लायब्ररी यांचं जमणार नाही.

म्हणजे इथे दोन प्रकारचे ‘जुने’ समोरासमोर आले, जुनं हार्डवेअर आणि जुनं सॉफ्टवेअर. डेबियनने दुसऱ्याला निवडलं. ट्रिक्सीमधलं आय-३८६ हे ६४-बिट प्रोसेसरवर जुने ३२-बिट प्रोग्रॅम चालवता यावेत एवढ्यापुरतं आहे, आणि एसएसई२ आता गृहीत धरलंय.

दार एकदम बंद होत नाही

हे रातोरात घडलेलं नाही. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं तेच मुळी ३८६ प्रोसेसर असलेल्या संगणकावर. त्याच ३८६ चा सपोर्ट २०१२ च्या डिसेंबरमध्ये कर्नलमधून काढला गेला आणि ३.८ ही आवृत्ती त्याच्याशिवाय आली. डेबियन ९ ने २०१७ मध्ये किमान अट ६८६ वर्गाच्या प्रोसेसरपर्यंत वर नेली. ‘आय-३८६’ हे नाव तेवढं राहिलं, ३८६ केव्हाच बाहेर पडला होता.

आर्च लिनक्सने २०१७ मध्येच ३२-बिट थांबवलं. काही जणांनी मग ते ‘आर्च लिनक्स ३२’ या नावाने वेगळं चालू ठेवलं. उबुंटूने २०१९ मध्ये ३२-बिट पॅकेजेस पूर्ण काढायचं जाहीर केलं, पण स्टीम आणि वाइन वापरणाऱ्यांनी ओरड केल्यावर निवडक पॅकेजेस ठेवली. दोन्हीकडे धडा एकच. पुढे काय टिकणार हे चिप किती जुनी आहे यावर ठरत नाही. तिच्यासाठी कोण उभं राहतं, यावर ठरतं.

निर्णय कशावर होतो?

डेबियनची रिलीज टीम प्रत्येक आर्किटेक्चरला ठरावीक प्रश्न विचारते. त्यासाठी काम करणारे पोर्टर किती? बिल्ड मशीन पुरेशा आहेत का? कर्नल आणि कंपायलरचे अपस्ट्रीम अजून लक्ष देतात का? समाधानकारक उत्तरं नसतील तर ते आर्किटेक्चर अधिकृत यादीतून बाहेर पडतं. पण ते मेलं असं नाही. ‘डेबियन पोर्ट्स’ नावाच्या बाहेरच्या ओसरीवर एम-६८के, एचपीपीए, अल्फा अशी जुनी मंडळी अजून नांदतायत. फरक इतकाच, की तिथे बिल्ड फसलं तर मुख्य पंगत थांबत नाही.

कधी धक्का बाहेरून बसतो. २०२१ मध्ये पायथॉनच्या ‘क्रिप्टोग्राफी’ या लायब्ररीत रस्ट भाषेतला भाग आला. रस्टचा कंपायलर नसलेल्या आर्किटेक्चर्सवर ती लायब्ररी, आणि तिच्यावर अवलंबून असलेलं बरंच काही, अचानक बंद पडलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये डेबियनच्या स्वतःच्या एपीटी या साधनाबद्दल तशीच घोषणा झाली: मे २०२६ नंतर रस्ट आवश्यक होईल, ज्या पोर्टकडे ते नाही त्यांनी सहा महिन्यांत सोय करावी. मेमरीच्या सुरक्षिततेसाठी रस्ट हवं, हे पटण्यासारखं आहे. पण एका पॅकेजमधला चांगला बदल दुसऱ्या कुणाचा संगणक संपवू शकतो, हेही तितकंच खरं.

मग हे चुकलं का?

यात नुकसान आहेच. २००८ च्या सुमाराचे नेटबुक आठवा, इंटेल ॲटम एन-२७० वाले. त्यात एसएसई२ आहे, पण ६४-बिट नाही. व्यवस्थित चालणारी ती मशीन आता नव्या डेबियनसाठी बाद. परवडत नाही म्हणून जुनं वापरणाऱ्यालाच याचा चटका बसतो. चालू वस्तू कचऱ्यात जाते ते वेगळंच.

तरीही मला डेबियनचा निर्णय योग्य वाटतो, कारण दुसरा पर्याय ‘पूर्ण सपोर्ट’ हा नव्हताच. तो होता नावापुरता सपोर्ट: पॅकेज बनतं, पण खऱ्या ३२-बिट मशीनवर कुणी चालवून बघत नाही. सुरक्षा-दुरुस्ती येते, पण ती तिथे लागू पडते का हे कुणाला माहीत नसतं. असा सपोर्ट वापरणाऱ्याला खोटी खात्री देतो. स्पष्ट ‘नाही’ म्हटलं की निदान त्याला पुढची सोय बघता येते.

तुम्ही काय कराल?

आधी प्रोसेसर तपासा. टर्मिनलमध्ये ‘एलएससीपीयू’ ही कमांड द्या आणि ऑपरेशन मोडची ओळ बघा. त्यात ६४-बिट दिसलं तर प्रश्नच मिटला. कोअर टू ड्युओसारखे २००६ नंतरचे बरेच प्रोसेसर ६४-बिट आहेत, फक्त त्यांच्यावर कुणीतरी ३२-बिट सिस्टीम टाकलेली असते. अशा वेळी डेटाचा बॅकअप घेऊन ६४-बिट आवृत्ती नव्याने टाका.

मशीन खरोखरच ३२-बिट असेल तर जून २०२३ ची डेबियन १२ ‘बुकवर्म’ वापरता येईल. पण सुरक्षा-दुरुस्त्या कधीपर्यंत मिळणार, आणि नंतरच्या एलटीएस काळात तुमचं आर्किटेक्चर धरलंय का, हे आधी बघा. एखाद्या उपकरणातून रीडिंग घेण्यापुरती ती मशीन ठेवायची असेल तर इंटरनेटपासून दूर ठेवा.

थीसिसच्या दृष्टीने तीन सवयी लावून घ्या. पहिली, निकालांसोबत पॅकेजच्या आवृत्त्या, आर्किटेक्चर आणि कंपायलरचे पर्याय लिहून ठेवा. एक्स-८७ ची गोष्ट आठवा, नुसतं ‘पायथॉन वापरलं’ एवढं पुरत नाही. दुसरी, डेबियनच्या ‘स्नॅपशॉट’ संग्रहात पॅकेजेसच्या जुन्या आवृत्त्या तारखेनुसार ठेवलेल्या असतात. चार वर्षांनी परीक्षकाने विचारलं तर तेव्हाचं वातावरण पुन्हा उभं करायला त्यांचा उपयोग होतो, म्हणून तारीख नोंदवा. तिसरी, तुमच्या कोडची टेस्ट लिहिताना दोन दशांश संख्या तंतोतंत समान आहेत का हे विचारू नका. किती फरक चालेल ते ठरवा, आणि तोच का, हेही लिहा.

आणि हो, तुम्ही वापरता त्या पॅकेजचा मेंटेनर कोण आहे, हे एकदा शोधून बघा. नाव पॅकेजच्या माहितीतच असतं. बग दिसला तर नीट लिहून कळवा: कोणती आवृत्ती, कोणतं आर्किटेक्चर, काय केल्यावर काय झालं. सपोर्ट म्हणजे कुणाचं तरी काम असेल, तर त्यातला एवढा वाटा विद्यार्थ्यालाही उचलता येतो.