पंचांग पाहून नागपूर : कटंगीकरांच्या मोसमी सहली आणि त्यांमागचा इतिहास

कटंगी मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात. राज्याची राजधानी भोपाळ, उच्च न्यायालय जबलपूरला. पण आपल्याकडे कुणी नुसतं "शहरात जाऊन येतो" म्हटलं की ते नागपूरच, असं समजायचं. लग्नाचा बस्ता, डोळ्यांचं ऑपरेशन, पोरांचं कॉलेज आणि फिरायला जाणं, सगळं तिकडेच. ही सवय नेमकी कुठून आली आणि वर्षाच्या कोणत्या मोसमात नागपुरात काय पाहावं, या दोन गोष्टी या लेखात एकत्र मांडायच्या आहेत. दुसरीचं उत्तर बरंचसं पहिलीत दडलेलं आहे.

राजधानी गेली, पण वाट राहिली

बालाघाट जिल्हा १८६७ ते १८७३ या काळात भंडारा, मंडला आणि शिवनी या जिल्ह्यांचे भाग जोडून तयार झाला. मध्य प्रांतात तो नागपूर विभागातच होता. म्हणजे वरचा साहेब नागपूरला, सचिवालय नागपूरला आणि १९३६ पासून उच्च न्यायालयही नागपूरला. स्वातंत्र्यानंतरही मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर आधी मुंबई राज्यात आणि १९६० ला महाराष्ट्रात गेलं. आपण होतो तिथेच राहिलो.

कागदावरची रेघ एका दिवसात बदलली तरी नातीगोती, बाजार आणि बोली बदलल्या नाहीत. पोवारी, मराठी, हिंदी यांची सरमिसळ आपल्या घराघरांत अजून आहे. मँगनीजचंही तसंच. तिरोडीची खाण आपल्या बाजूला, पण ती चालवणाऱ्या मॉईल कंपनीचं मुख्य कार्यालय आजही नागपुरात.

या रेघेमुळे नुकसान एकच झालं, पण मोठं. नागपूरवरची पुस्तकं महाराष्ट्राच्या सीमेवर येऊन थांबतात आणि मध्य प्रदेशची पुस्तकं नागपूरला परराज्य समजून सोडून देतात. जे दोन्हीकडचं सामाईक आहे, ते दोघांच्याही नजरेतून सुटतं. आपली पोरं नागपूरला जातात, मॉल पाहून परत येतात. आपल्याच जिल्ह्यातल्या वस्तू तिथे काचेच्या कपाटात आहेत, हे त्यांना कुणी सांगत नाही. म्हणून हा खटाटोप.

जायचं कसं, हाही इतिहासच

जुन्या लोकांची वाट लांबची होती. कटंगीहून नॅरो गेजच्या छोट्या गाडीनं बालाघाट, तिथून गोंदिया, मग मोठ्या गाडीनं नागपूर. नकाशा पाहिला तर हा मोठा वळसा दिसतो, कारण नागपूर आपल्या नैर्ऋत्येला आणि गाडी निघायची पूर्वेकडे. दुसरीकडे तुमसरहून मोठ्या रुळांचा फाटा तिरोडीपर्यंत आलेला होता, तो मुख्यतः मँगनीजसाठी. तिरोडी ते कटंगी हे अंतर जेमतेम पंधरा किलोमीटरच्या आसपास, पण तेवढाच तुकडा कित्येक दशकं तुटका राहिला. आता छोटी गाडी गेली, मोठे रूळ आले आणि तो तुकडाही जोडला गेला.

छोटी गाडी आठवणाऱ्यांनी नागपुरात मोतीबागचं नॅरो गेज रेल्वे संग्रहालय जरूर पाहावं. ते डिसेंबर २००२ मध्ये सुरू झालं. जुनी वाफेची इंजिनं, डबे, सिग्नलची उपकरणं तिथे आहेत. ज्यांनी त्या डब्यात बसून प्रवास केलाय, त्यांनी नातवंडांना बरोबर न्यावं. पाटी वाचून जे कळत नाही, ते आजोबांच्या तोंडून कळतं. नागपूर स्टेशनची इमारतही घाई न करता बघा. सावनेरच्या वालुकाश्मातली ही इमारत १५ जानेवारी १९२५ ला सुरू झाली, तेव्हा आपणही त्याच प्रांतात होतो.

पावसाळा : रामटेक

पावसाळ्यातली पहिली सहल रामटेकची. खरं तर रामटेक नागपूरच्या अलीकडेच लागतं, पण सहल "नागपूरची" या नावानंच निघते. गडावरचं रामाचं देऊळ, खालचा अंबाळा तलाव आणि जवळचं खिंडसीचं पाणी, हे सगळं श्रावणात हिरवंगार असतं.

कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी म्हणजे रामटेक, हे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी जोरकसपणे मांडलं. काही विद्वान मात्र सरगुजातल्या रामगढाचं नाव घेतात. त्या वादात आपण न पडताही रामटेकशी आपलं एक पक्कं नातं सांगता येतं, ते वाकाटकांचं. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट आपल्या शेजारच्या तिरोडीलाच सापडला. या प्रवरसेनाची आई प्रभावतीगुप्ता, गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. तिच्या ऋद्धपूर ताम्रपटात दान देताना रामगिरीच्या स्वामीचा उल्लेख येतो. रामटेकच्या पायथ्याशी असलेलं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. तिथल्या अलीकडच्या उत्खननात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली.

म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वी या दोन्ही गावांवर एकाच घराण्याची सत्ता होती. रामटेकच्या गडावर केवल नरसिंहाचं देऊळ आहे, ते वाकाटक काळातलं. बहुतेक लोक रामाचं दर्शन घेऊन खाली उतरतात. तसं करू नका, नरसिंहासमोर पाच मिनिटं थांबा. जवळच्या मनसरलाही उत्खनन झालंय आणि तिथे मँगनीजची खाणही आहे. तिरोडी आणि मनसर, दोन्हीकडे वाकाटक आणि दोन्हीकडे मँगनीज. हा योगायोग असेल, पण लक्षात ठेवायला सोपा आहे.

पोळा : आपला नारबोद, त्यांची मारबत

पिठोरी अमावस्येचा पोळा शक्यतो आपल्या गावातच करावा. दुसऱ्या दिवशी मात्र नागपूर गाठावं. त्या दिवशी तिथे तान्हा पोळा आणि मारबत, दोन्ही असतात.

तान्हा पोळा म्हणजे पोरांचा पोळा. लाकडी बैल सजवून मुलं घरोघर जातात आणि बोजारा मागतात. ही पद्धत १८०६ मध्ये दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी सुरू केली, असं नागपुरात परंपरेनं सांगतात. त्यामागचा विचार सोपा आहे. खरा बैल लहान पोरांना आवरत नाही, पण त्याचं महत्त्व लहानपणीच कळायला हवं.

मारबत हा नागपूरचा खास सोहळा. काळी आणि पिवळी अशा दोन भल्यामोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, बरोबर बडगे असतात, म्हणजे चालू घडामोडींवर टोमणा मारणारे पुतळे. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते, असं मानलं जातं. पिवळी तऱ्हाणे तेली समाजाची, जागनाथ बुधवारीतून निघणारी. काळी इतवारी भागातली. काळ्या मारबतीचा संबंध लोक बांकाबाई भोसले यांच्याशी जोडतात, त्यांनी इंग्रजांची बाजू घेतली म्हणून. आता बांकाबाईंची इंग्रजधार्जिणी भूमिका १८५७ च्या धामधुमीतली. मिरवणुकीचं साल १८८१. मध्ये चोवीस वर्षं गेली. त्यामुळे राग जुना होता आणि त्याला पुतळ्याचं रूप मागाहून मिळालं, किंवा प्रथा आधीची होती आणि तिला बांकाबाईचं नाव नंतर चिकटलं, या दोन्ही शक्यता खुल्या राहतात.

इथे कटंगीच्या माणसाला एक गोष्ट चटकन ओळखीची वाटते. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या पहाटे नारबोद काढतात. पुतळा करायचा, आरोळ्या देत गावाच्या शिवेबाहेर न्यायचा आणि रोगराई, खोकला, ढेकूण-माशा, सगळं घेऊन जा असं तिला बजावायचं. दारावर लावलेल्या पळसाच्या फांद्याही तिच्याबरोबर बाहेर जातात. भंडारा-गोंदियाच्या गावांतही असंच चालतं. पावसाळ्याच्या शेवटाला साथीचे आजार येतात, शेतात किडी वाढतात, आणि गाव आपली पीडा शिवेपलीकडे हाकलतं. मूळ कल्पना एकच.

नागपूरनं तिला शहराचं रूप दिलं. गावाची शीव राहिली नाही, म्हणून बाजारपेठेतून मिरवणूक निघाली. माशा-ढेकणांच्या जागी इंग्रज आले, मग महागाई आली, भ्रष्टाचार आला. त्यामुळे मारबत समजून घ्यायची असेल तर आधी नारबोद पाहिलेली हवी. आणि तीच आपल्या गावांतून कमी होत चालली आहे. पहाटे उठणारी पोरं कमी, ओरडणारी त्याहून कमी. मिरवणूक सकाळी उशिरा रंगात येते. पहाटे गावची नारबोद शिवेबाहेर सोडून निघालं तर दुपारपर्यंत इतवारी गाठता येते. एकाच दिवसात एका प्रथेची दोन रूपं पाहायची सोय फार कमी लोकांच्या नशिबी असते.

दसरा ते कार्तिक

१४ ऑक्टोबर १९५६ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. त्या दिवशी नागपूर अजून मध्य प्रदेशाची राजधानी होतं, ती ओळख संपायला अवघे अठरा दिवस उरले होते. दीक्षाभूमीवर दसऱ्याला लाखोंचा समुदाय जमतो आणि बालाघाट जिल्ह्यातूनही माणसं जातात. इमारत निवांत बघायची असेल तर गर्दीनंतरचा आठवडा निवडा. ग्रंथ घ्यायचे असतील तर मात्र गर्दीतच जा, पुस्तकांची तेवढी दुकानं एरवी लागत नाहीत.

कार्तिकात पुन्हा रामटेक. वैकुंठ चतुर्दशीची शोभायात्रा आणि त्रिपुरी पौर्णिमेची यात्रा, दोन्ही लागून येतात. रात्री थंडी असते, कानटोपी न्या.

हिवाळा : संत्री, पोहे आणि अजब बंगला

नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाडाला दोन बहर येतात. आंबिया बहराची फळं हिवाळ्याच्या सुरुवातीला आणि मृग बहराची हिवाळा सरताना बाजारात येतात. सकाळी तर्री-पोहे खावेत, दुपारी सांबारवडी. (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी : इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर, बरं का.)

आता मुख्य मुक्काम, मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजेच अजब बंगला. स्थापना १८६३ ची. सोमवार टाळा. इथे शिल्पं, नाणी, भरलेले प्राणी सगळं आहे, पण बालाघाटच्या माणसानं गुंगेरियाची तांब्याची हत्यारं विचारून घ्यावीत.

१८७० मध्ये आपल्या जिल्ह्यातल्या गुंगेरिया गावात गुरं चारणाऱ्या दोन पोरांना जमिनीतून वर आलेला तांब्याचा तुकडा दिसला. खोदल्यावर तांब्याच्या ४२४ वस्तू आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे निघाले. तांब्याचं वजन भरलं ८२९ पौंड, म्हणजे सुमारे ३७६ किलो. भारतात सापडलेल्या ताम्रनिधींमध्ये हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक गणला जातो. काळ साधारण इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकातला मानतात. निधी एकत्र राहिला नाही. काही वस्तू लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या, काही कोलकात्याला, काही नागपूरला. चांदीच्या पत्र्यांपैकी काही शिंगं असलेल्या बैलाच्या तोंडासारखे दिसतात. त्यांचा पोळ्याशी संबंध जोडण्याचा मोह टाळलेला बरा, मधली हजारो वर्षं रिकामी आहेत.

सहलीचा मुद्दा इतकाच, की या निधीचा आपल्याला सर्वात जवळचा वाटा नागपुरात आहे. त्या वेळी नागपूर आपलं प्रांतिक ठिकाण होतं, म्हणून तो तिथे गेला. शाळेच्या सहलीनं महाराजबागेतला वाघ पाहून परत यायचं, आणि तिथून थोड्याच अंतरावर असलेली आपल्या जिल्ह्याची सर्वात जुनी धातूची वस्तू न पाहता यायचं, हे बरं नाही.

वर्षातून तीन दिवस : सीताबर्डीचा किल्ला

किल्ला लष्कराकडे आहे. सामान्य लोकांना तो साधारणपणे २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट या दिवशीच बघायला मिळतो. निघण्याआधी विचारून घ्या आणि ओळखपत्र जवळ ठेवा. २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ला या टेकड्यांवर अप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची आणि इंग्रजांची लढाई झाली. भोसल्यांची खरी सत्ता तिथेच संपली. राज्य खालसा झालं, ते पुढचं.

जवळच झिरो माईलचा खांब आहे. त्याला भारताचा मध्यबिंदू म्हणायची पद्धत पडली आहे. प्रत्यक्षात तिथल्या छोट्या दगडावर १९०७ साल आहे आणि तो त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा उंची मोजण्याचा प्रमाण दगड आहे. फोटो खुशाल काढा, पण दगडावरची अक्षरंही वाचा.

सहलीला जाताना एक काम

आमच्या मंडळाची विनंती साधी आहे. नागपूरला जाताना यादीत आपल्या जिल्ह्याची एक तरी वस्तू लिहून न्या : गुंगेरियाची कुऱ्हाड किंवा मोतीबागचं छोटं इंजिन. आणि येत्या पोळ्याला घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाकडून नारबोदीच्या आरोळ्या मोबाईलवर रेकॉर्ड करून घ्या. गावाचं नाव आणि तारीख तेवढी सांगायला विसरू नका. प्रत्येक गावाची आरोळी वेगळी असते आणि त्या अजून कुठल्याच संग्रहालयात नाहीत.