घरोबा नको, उपचार हवा

व्यापारी घरांत नाते आणि व्यवहार यांची वीण फार जुनी आहे. पेढीवर आलेला ग्राहक आधी चहा घेतो, मग भाव विचारतो. डॉक्टर 'घरचे' असतात, वकील लग्नाच्या पंगतीत मानाने बसतात आणि जुने मुनीम तर पिढ्यान्‌पिढ्यांचे साक्षीदार. अशा घरातील कोणी मानसोपचारतज्ज्ञाकडे जाऊ लागले, त्या तज्ज्ञाने दिवाळीची सुकामेव्याची पेटी नम्रपणे परत केली, लग्नपत्रिका घेऊनही लग्नाला येणे टाळले, की घरच्यांना ते लागते. 'आम्ही परके का?' असा प्रश्न मनात येतो. त्याचे खरे उत्तर 'होय' असेच आहे, आणि त्या परकेपणावरच उपचार उभा असतो.

सुनेला सासऱ्यांविषयी काही सांगायचे आहे आणि समुपदेशक सासऱ्यांचे स्नेही आहेत, अशी कल्पना करा. ती बोलेल, पण गाळून बोलेल. जे गाळले जाईल तेच बहुधा दुखण्याचे मूळ असेल. मानसशास्त्राच्या इतिहासात हा धोका फार लवकर ओळखला गेला. 1913 मध्ये सिग्मंड फ्रॉइड यांनी उपचाराच्या प्रारंभाविषयी लिहिताना बजावले होते की, मित्राच्या पत्नीवर वा मुलावर उपचार करण्यास तयार होणाऱ्याने ती मैत्री गमावण्याचीही तयारी ठेवावी. पुढे 1918 मध्ये याच फ्रॉइड यांनी स्वतःच्या मुलीचे, अ‍ॅनाचे, मनोविश्लेषण सुरू केले! नियम सांगणे किती सोपे आणि पाळणे किती अवघड, याचा याहून बोलका दाखला सापडणे कठीण.

भेटवस्तूचा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. उपचार संपताना कोणी फळांची टोपली दिली, तर ती घेण्यात गैर काय, असे म्हणणारे अनेक तज्ज्ञ आहेत आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नाही. सवलतीचे मात्र तसे नाही. समुपदेशकाने तुमच्या दुकानातून निम्म्या दरात साड्या नेल्या, तर 'मला बरे वाटत नाही, तुमची पद्धत उपयोगी पडत नाही' हे त्याला तोंडावर सांगणे तुम्हाला जड जाईल. त्यालाही तुम्हाला अप्रिय सत्य सांगणे तितकेच जड. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता वस्तूच्या बदल्यात सेवा सरसकट नाकारत नाही, पण उपचाराला बाधा येऊ नये आणि कोणाचे शोषण होऊ नये, अशी अट घालते. ठरलेली फी रोख चुकती करणे हे त्यापेक्षा कितीतरी सुटसुटीत.

सर्वांत तीव्र संघर्ष होतो तो गुप्ततेवरून. 'पैसे आम्ही भरतो, मग मुलगा आत काय बोलतो हे आम्हाला कळायला नको?' ही तक्रार वडिलांच्या काळजीतून येते, हे मान्य. परंतु फी भरल्याने कोणाच्या मनाची खातेवही उघडण्याचा हक्क मिळत नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 मधील कलम 23 मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला गुप्ततेचा हक्क देते. रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीला त्याच्या जबाबदारीपुरती माहिती, जिवाला धोका, दुसऱ्याला इजा होण्याची शक्यता, न्यायालयाचा आदेश असे मोजके अपवाद त्यात आहेत. व्यवसायातील वारसाहक्काची चिंता त्या यादीत नाही.

समाज लहान असला की आणखी एक पेच पडतो. मंदिरात, लग्नसमारंभात समुपदेशक समोरून येतात आणि ओळख न दाखविता पुढे जातात. हा उद्धटपणा नव्हे. ओळख दाखवायची की नाही, हा निर्णय त्यांनी तुमच्यावर सोडलेला असतो. कारण शेजारी उभ्या असलेल्या मामींचा पुढचा प्रश्न ठरलेला आहे: 'यांना कसे ओळखता?'

उलट, सावध व्हावे ते घरोबा फार लवकर वाढला तर. समुपदेशक स्वतःच्या अडचणी तुमच्यापुढे मांडू लागला, उसने पैसे मागू लागला, शेअर्सविषयी सल्ला विचारू लागला, दवाखान्याबाहेर एकांतात भेटण्याचा आग्रह धरू लागला, तर भिडेखातर थांबू नये. तज्ज्ञ बदलता येतो. त्याच कायद्याचे कलम 25 रुग्णाला स्वतःच्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क देते. त्या मागून घ्याव्यात आणि नव्या तज्ज्ञाकडे पहिल्याच भेटीत दाखवाव्यात.